रिकामं कॅरेट कुठं अडकलं?

मागच्या आंबिया बहाराची गोष्ट. सकाळी सातला काकाजी बागेच्या धुऱ्यावर उभे राहून व्यापाऱ्याशी फोनवर बोलत होते. “माल तुह्याकडे परवाच पोहोचला ना भाऊ? मंग कॅरेट कायले ठेवून राह्यला? इथं पंधरा माणसं झाडाखाली बसून हायेत. संत्रा तोडू कशात, दुपट्ट्यात?” झाडावर फळ होतं, मजूर आले होते, गाडी लागलेली होती. सगळं अडलं होतं ते रिकाम्या प्लास्टिकच्या कॅरेटांपायी.

मी तेव्हा ओसरीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो आणि माझंही काम अडलेलंच होतं. वरूड तालुक्यातल्या आमच्या गावात राहून मी मोबाइलची ॲप लिहितो. भावाच्या वावरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आहे आणि तिच्यात गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावलेले आहेत. सलग तीन रात्री एका सापळ्यात सरासरी आठ पतंग सापडले की फवारणीचा विचार करायचा, असा त्याचा हिशेब असतो. पण हे पतंग मोजणं कटकटीचं आहे. ते एकमेकांना चिकटलेले असतात, पंख तुटलेले असतात. म्हणून मी एक ॲप करत होतो: कॅमेरा सापळ्यावर धरायचा आणि पडद्यावर आकडा बघायचा.

घरी टेबलावर ॲप झकास चालायचं. वावरात नेलं की चित्र गोठायचं. फोन बंद पडत नव्हता, ॲप कोसळत नव्हतं, फक्त कॅमेऱ्याचं चित्र जागच्या जागी थांबायचं. तीन दिवस मी उन्हाला दोष दिला, मग मेमरीला, मग पतंग ओळखणाऱ्या मॉडेलला. त्या सकाळी लॉगमधली, म्हणजे ॲपच्या कामाच्या नोंदवहीतली, एक ओळ नीट वाचली. तिचा अर्थ असा होता: तुम्ही जास्तीत जास्त चार चित्रं हातात ठेवू शकता, ती चारही तुमच्याकडेच आहेत, आधी ती बंद करा आणि मग पुढचं मागा. धुऱ्यावरून काकाजी व्यापाऱ्याला हेच तर सांगत होते.

फोनमध्ये चित्रं एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे कशी जातात, हा विषय शिकवताना लोक बहुतेक वेळ भरलेल्या बफरबद्दल, म्हणजे चित्र ठेवायच्या मेमरीतल्या जागेबद्दल, बोलतात. माझ्या मते तो समजायचा असेल तर सुरुवात रिकाम्या बफरपासून करावी. तो वेळेवर परत आला तर बाकीचं आपोआप चालतं.

एका चित्रात किती माल असतो

साध्या फोनचा पडदा ७२० बाय १६०० ठिपक्यांचा धरू. म्हणजे ११ लाख ५२ हजार ठिपके. एका ठिपक्याचा रंग लिहायला सहसा ४ बाइट लागतात: लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता, प्रत्येकाला एक. एका चित्राचे झाले ४६ लाख ८ हजार बाइट. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो. म्हणजे दर सेकंदाला २७ कोटी ६४ लाख ८० हजार बाइट, आणि हे एकाच थराचं.

पडद्यावर थर अनेक असतात. वरची घड्याळ-बॅटरीची पट्टी एक प्रोग्राम काढतो, कीबोर्ड दुसरा, मधलं ॲप तिसरा, आणि ॲपमध्ये व्हिडिओ चालू असेल तर त्याच्या फ्रेम व्हिडिओ उलगडणाऱ्या चिपकडून येतात. अँड्रॉइडमध्ये हे सगळे थर गोळा करून एकावर एक रचायचं काम सर्फेसफ्लिंगर नावाचा प्रोग्राम करतो. सुरक्षेसाठी प्रत्येक प्रोग्रामची मेमरी वेगळ्या भिंतीआड ठेवलेली असते. एकाला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही.

मग चित्र या खोलीतून त्या खोलीत न्यायचं कसं? पहिला विचार नक्कल करण्याचा. पण प्रत्येक नक्कल म्हणजे ४६ लाख बाइट वाचायचे आणि तेवढेच पुन्हा लिहायचे, सेकंदाला ६० वेळा, प्रत्येक थरासाठी. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांत फोन आधीच निखारा झालेला असतो. त्यात ही हमाली वाढवली तर बॅटरी दुपारपर्यंतही टिकणार नाही.

म्हणून माल जागचा हलवायचा नाही. ज्यांनी ट्रान्सपोर्टने माल पाठवला आहे त्यांना बिल्टी ठाऊक असेल. माल गोदामात पडलेला असतो, हातोहात फिरते ती बिल्टी, आणि ज्याच्या हाती ती आहे तो माल सोडवू शकतो. बफर म्हणजे मेमरीतली ती जागा, आणि हँडल म्हणजे तिची बिल्टी. कॅमेरा बफर भरतो आणि ॲपला फक्त हँडल देतो. काही बाइटांची चिठ्ठी पोहोचली की ॲप तीच जागा वाचू लागतं.

पण एकच जागा आता दोघांना हाताळता येते. आत्ता तिला हात लावायची पाळी कोणाची? अवघड भाग इथून सुरू होतो.

कॅरेटाचा फेरा

अँड्रॉइडमध्ये ही पाळी सांभाळणाऱ्या यंत्रणेचं नाव बफरक्यू. एका टोकाला भरणारा: कॅमेरा, खेळ, व्हिडिओ उलगडणारी चिप किंवा तुमचं ॲप. दुसऱ्या टोकाला उपसणारा: सर्फेसफ्लिंगर, व्हिडिओ रेकॉर्ड करणारी चिप किंवा पुन्हा तुमचं ॲपच. मधे मोजकी कॅरेटं.

भरणारा आधी म्हणतो, एक रिकामं द्या. याला डीक्यू म्हणतात. मिळालं की ते त्याचं, दुसरं कोणी त्यात हात घालणार नाही. भरून झालं की तो ते रांगेत लावतो, म्हणजे क्यू करतो. इथून त्याचा हक्क संपला. एखादं फळ मागाहून बदलायची सोय नाही. उपसणारा रांगेतून ते उचलतो, याला ॲक्वायर म्हणतात. त्याचं काम झालं की तो ते रिलीज करतो आणि कॅरेट पुन्हा रिकाम्यांच्या ढिगात जातं. म्हणजे कोणतंही कॅरेट कोणत्याही क्षणी चारपैकी एकाच ठिकाणी असतं: ढिगात, भरणाऱ्याच्या हातात, रांगेत किंवा उपसणाऱ्याच्या हातात. (एकाच बफरवर दोघांनी जाणूनबुजून एकत्र काम करायची पाचवी अवस्थाही आहे. तिचा उपयोग फारच थोड्या ठिकाणी होतो, ती इथं सोडून देतो.)

रांग या नावाने थोडी दिशाभूल होते. ऐकलं की डोळ्यासमोर भरलेल्या कॅरेटांची रांग येते. पण माल बागेतून बाजाराकडे जात असतो तशी रिकामी कॅरेटं बाजारातून बागेकडे येत असतात. हा फेरा आहे. त्याची परतीची बाजू तुटली तर जाणारी बाजूही थोड्या वेळात थांबते, आणि तेव्हा चूक भलत्याच टोकाला दिसते. काकाजींच्या बागेत तोड थांबली होती, पण कारण नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात होतं. माझ्या फोनमध्ये कॅमेरा थांबला होता आणि कारण माझ्या ॲपमध्ये होतं.

हा विचार फोनपेक्षा जुना आहे. नेदरलँड्सचे संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६५ च्या सुमारास एकमेकांशी जुळवून काम करणाऱ्या प्रोग्रामांचा प्रश्न मांडला, त्यात भरणारा, उपसणारा आणि मधली मर्यादित जागा ही मांडणी आहे. त्यांच्या उत्तरात दोन आकडे वेगवेगळे ठेवले जातात: भरलेले किती आणि रिकामे किती. भरलेला आकडा शून्य झाला की उपसणारा झोपतो. रिकामा आकडा शून्य झाला की भरणारा झोपतो. एकाने काम संपवलं की दुसऱ्याचा आकडा एकाने वाढतो आणि तो जागा होतो. या आकड्यांना त्यांनी सेमाफोर म्हटलं. रेल्वेच्या जुन्या सिग्नलचा जो हात वर-खाली होतो, त्याचं हे नाव. माझ्या ॲपमध्ये दुसरा आकडा शून्यावर गेला होता आणि कोणीच तो वाढवत नव्हतं.

एकच प्रोग्राम दोन्ही भूमिकांत असू शकतो. संत्र्याची प्रतवारी करून त्याला मेण लावणारं केंद्र बागेच्या दृष्टीने माल घेणारं आणि बाजाराच्या दृष्टीने माल पाठवणारं असतं. सर्फेसफ्लिंगर तसाच. तो ॲपांकडून बफर घेतो, रचतो आणि पडद्याच्या यंत्रणेकडे नवा बफर पाठवतो. अशा साखळीत एक कडी मंदावली की मागच्या सगळ्या कड्यांना धक्का बसतो.

एक कॅरेट, दोन, तीन

एकच बफर ठेवला तर काय होईल? पडदा वरून खाली ओळीओळीने चित्र वाचतो. तो अर्ध्यात असताना भरणाऱ्याने नवं चित्र काढायला घेतलं, तर वरचा अर्धा जुना आणि खालचा अर्धा नवा दिसतो. भरधाव खेळात पडदा मधोमध फाटल्यासारखा दिसतो तो यामुळे.

दोन बफर असले की एक पडद्यावर आणि एक कामात. पडदा जुनं चित्र पूर्ण वाचून झाला की अदलाबदल करायची. पडद्याच्या या ठोक्याला व्हीसिंक म्हणतात. सेकंदाला ६० ठोके, म्हणजे दोन ठोक्यांत १६.६७ मिलिसेकंद. ९० वेळा ताज्या होणाऱ्या पडद्यावर ११.१, आणि १२० वाल्यावर ८.३. चित्र तेवढ्या वेळात झालं तर ठीक. सतराव्या मिलिसेकंदाला झालं तर ठोका चुकला आणि पुढच्या ठोक्यापर्यंत, म्हणजे ३३.३ मिलिसेकंदांपर्यंत, जुनंच चित्र दिसत राहतं. शिवाय दोन्ही बफर अडकलेले असल्याने भरणारा तोवर हातावर हात ठेवून बसतो आणि पुढच्या चित्रालाही उशीर होतो. एका चुकीतून दुसरी निघते. याद्या सरकवताना बोटाला जाणवणारा तो अडखळा बऱ्याचदा हाच असतो.

तिसऱ्या बफरने ही माळ तुटते. एक पडद्यावर, एक रांगेत तयार आणि एक भरणाऱ्याच्या हातात. २०१२ मध्ये अँड्रॉइड ४.१ आलं, त्यात चित्र काढण्याचं काम व्हीसिंकच्या ठोक्याशी बांधलं आणि हा तिसरा बफर वापरात आणला. त्या मोहिमेचं नाव प्रोजेक्ट बटर होतं. लोण्यासारखं सरकावं हा उद्देश.

मग चार का नकोत, दहा का नकोत? प्रत्येक जादा बफर ४६ लाख बाइट खातो, हे एक. दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. रांगेत जितकी चित्रं थांबलेली, तितकं पडद्यावरचं चित्र शिळं. तीन चित्रं पुढे उभी असतील तर बोट आत्ता हललं ते पडद्यावर ५० मिलिसेकंदांनी दिसणार. कॅरेटं वाढवली म्हणून तोड वाढत नाही, गोदामात माल तेवढा साचतो. मी स्वतः घाबरून चारची मर्यादा आठ केली होती. ॲप आधी चौथ्या चित्राला गोठायचं, मग आठव्याला गोठू लागलं.

शिट्टी होईपर्यंत थांब

आतापर्यंत मी एक गोष्ट सोपी करून सांगितली. भरणारा भरून झाल्यावर रांगेत लावतो, असं म्हटलं. प्रत्यक्षात तो बऱ्याचदा भरून व्हायच्या आधीच लावतो, आणि ते बरोबरही असतं.

कारण चित्र काढतो जीपीयू, म्हणजे फोनमधली चित्रं काढणारी वेगळी चिप. ॲप त्याला कामांची यादी देऊन मोकळं होतं, आणि जीपीयू स्वतःच्या वेळेने ती पुरी करतो. ॲपने ते काम संपेपर्यंत बसून राहायचं, मग बफर द्यायचा, मग सर्फेसफ्लिंगरने तयारीला लागायचं, यात फार वेळ वाया जातो. आई शेतात निघताना सांगते, “डाळ लावली हाये, तीन शिट्ट्या झाल्या की उतरव.” डाळ शिजलेली नसते, पण कुकर तुमच्या ताब्यात आलेला असतो आणि केव्हा हात लावायचा ते ठरलेलं असतं. आई डाळीपाशी थांबत नाही आणि तुम्हीही पोळ्या लाटायला घेता.

या शिट्टीला ग्राफिक्समध्ये फेन्स म्हणतात. बफरबरोबर फेन्स दिला जातो: बफर घ्या, पण फेन्स वाजेपर्यंत वाचू नका. परतीच्या वाटेवरही हेच. उपसणारा बफर परत देतो तेव्हा पडद्याचं वाचन कदाचित चालूच असतं, म्हणून तोही आपला फेन्स लावून देतो: रिकामं धरा, पण हे वाजेपर्यंत लिहू नका. दोन्ही टोकांना कामं एकमेकांवर चढत जातात आणि कोणी रिकामं बसत नाही.

फेन्स एकदाच वाजतो आणि वाजलेला फेन्स पुन्हा न वाजलेला होत नाही. आणि तो ठरावीक अवधीत वाजलाच पाहिजे, हा लिनक्सच्या गाभ्यातला (कर्नेलमधला) कडक नियम आहे, आणि अँड्रॉइड याच लिनक्सवर उभं आहे. जीपीयू मधेच अडकला तर ड्रायव्हरने, म्हणजे ती चिप चालवणाऱ्या प्रोग्रामने, त्याला नव्याने चालू करून, काम चुकलं अशी खूण लावून का होईना, फेन्स वाजवायचा. नाहीतर त्याच्यामागे थांबलेले सगळे कायमचे थांबतील.

शिट्टीची खबर कशी पोहोचवायची, यावर लिनक्सच्या जगात बरीच वर्षं दोन पद्धती शेजारी शेजारी चालल्या. एकीत फेन्स बफरलाच चिकटवलेला असतो. कोणी बफर वापरायला गेलं की गाभा परस्पर थांबवतो, प्रोग्रामांना पत्ताही लागत नाही. दुसरीत फेन्स उघडपणे हातोहात दिला जातो. अँड्रॉइडने हातोहात देण्याची वाट लवकर धरली. लिनक्सच्या डेस्कटॉपवर चिकटवलेली पद्धत रूढ होती, पण काही ग्राफिक्स ड्रायव्हर ती पाळत नसत, आणि तिथे खिडक्या लुकलुकायच्या, जुनी फ्रेम मधेच डोकवायची. वेलँड या तिथल्या नव्या पडदा-व्यवस्थेत हातोहात फेन्स देण्याचा नियम २०२४ मध्ये दाखल झाला, तेव्हापासून ही तक्रार खूप कमी झाली. मला हीच पद्धत जास्त पटते. कोण कोणाची वाट बघतंय हे तिच्यात वाचता येतं आणि चूक शोधता येते.

बाग विकली तरी कॅरेट राहतं

आता मालकीचा प्रश्न. बफर भरणारं ॲप मधेच बंद पडलं तर? पडदा त्याच क्षणी तो बफर वाचत असेल, आणि मेमरी काढून घेतली तर पडद्यावर कचरा दिसेल.

लिनक्समध्ये याचं उत्तर डीएमए-बफ या सोयीत आहे. ती २०१२ मध्ये लिनक्स ३.३ मध्ये आली आणि तिच्या मांडणीत व देखभालीत सुमित सेमवाल या भारतीय अभियंत्याचा मोठा वाटा आहे. तिच्याआधी कॅमेऱ्याचा ड्रायव्हर आपली मेमरी आपल्या पद्धतीने सांभाळायचा, ग्राफिक्सचा आपल्या पद्धतीने, आणि दोघांत देवाणघेवाण करायला प्रत्येक कंपनी आपापली पळवाट काढायची. डीएमए-बफने सगळ्यांना एकच बिल्टी दिली. प्रोग्रामला ती उघडलेल्या फाइलच्या क्रमांकासारखी दिसते, आणि तो क्रमांक दुसऱ्या प्रोग्रामला सुपूर्द करता येतो.

गाभा मोजत राहतो की एका बफरच्या किती बिल्ट्या बाहेर आहेत. भरणारा मेला तर त्याची एक कमी होते. पडद्याकडची शिल्लक असेपर्यंत मेमरी जागेवरच राहते. शेवटची बिल्टी परत आली की जागा मोकळी. फोन आडवा केला की बफरचा आकार बदलतो, तेव्हाही हेच घडतं: नवे आडव्या मापाचे बफर तयार होतात आणि जुनी उभ्या मापाची कॅरेटं फेऱ्यातून परत येतील तशी मोडीत निघतात.

मापावरून आठवलं, कॅरेट बाहेरून जेवढं दिसतं तेवढं आत भरलेलं असतंच असं नाही. यंत्राला ओळी ठरावीक पटीत सोयीच्या पडतात, म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटी थोडी मोकळी जागा सोडलेली असू शकते. ओळीच्या या खऱ्या लांबीला स्ट्राइड म्हणतात. मी सुरुवातीला रुंदी हीच लांबी धरली होती. माझ्या फोनवर ते खपलं, भावाच्या फोनवर सगळे पतंग तिरपे होऊन एका बाजूला वाहत गेले. व्हिडिओच्या तळाशी कधी कधी हिरवी पट्टी दिसते, तीही याच घराण्यातली. १०८० हा आकडा १६ च्या पटीत बसत नाही, म्हणून व्हिडिओ उलगडताना १०८८ ओळी धरल्या जातात. शेवटच्या ८ ओळी छाटायला प्रोग्राम विसरला आणि त्या जागी शून्यं असली, तर व्हिडिओच्या रंगलेखनात शून्याचा रंग हिरवा दिसतो.

उपसणारा मंद असेल तर

माझ्या ॲपमध्ये कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं देत होता, १२८० बाय ७२० ची, प्रत्येकी १३ लाख ८२ हजार ४०० बाइटांची. पतंग ओळखायला माझ्या जुन्या फोनला एका चित्रामागे साधारण १०० मिलिसेकंद लागत. म्हणजे तीन चित्रं येतात तेव्हा एक तपासून होतं. अशा वेळी काय करायचं हे यंत्रणा ठरवू शकत नाही, ते काम करणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

एक तर भरणाऱ्याला थांबवायचं, किंवा जागा नाही असं तोंडावर सांगून बाकीचं त्याच्यावर सोडायचं. नाहीतर रांगेतलं जुनं टाकून फक्त ताजं ठेवायचं. लग्नाचा व्हिडिओ रेकॉर्ड करताना एकही फ्रेम सोडून चालत नाही, तिथे थांबणं आणि थोडे जास्त बफर बाळगणं योग्य. सापळ्यावर फोन धरलेल्या माणसाला मात्र आत्ता समोर काय आहे ते हवं आहे. पाव सेकंदापूर्वीचा सापळा त्याच्या कामाचा नाही. म्हणून मी ताजं तेवढं घेण्याचा मार्ग धरला. अँड्रॉइडमध्ये त्यासाठी तयार सोय आहे: सगळ्यात नवं चित्र मागा, मधली जुनी आपोआप परत जातात. पण त्यासाठी किमान दोन चित्रं हाती ठेवायची परवानगी लागते, कारण नवं उचलल्यावरच जुनं सोडता येतं.

आणि जे चित्र तुम्ही हातात घेतलं, ते परत देणं शेवटपर्यंत तुमच्याच अंगावर असतं. माझं घोडं इथंच पेंड खात होतं.

कोड असा होता: चित्र घ्या, मॉडेलला दाखवा, पतंग सापडला नाही तर इथूनच मागे फिरा, सापडला तर मोजा, आकडा दाखवा आणि चित्र बंद करा. बंद करण्याची ओळ अगदी शेवटी होती. पतंग नसला की काम त्या ओळीपर्यंत पोहोचतच नव्हतं. घरच्या टेबलावर समोर नेहमी पतंगांचे फोटो असायचे, म्हणून प्रत्येक चित्र नीट परत जायचं. वावरात सापळ्यापर्यंत चालत जाताना कॅमेऱ्यापुढे पऱ्हाटीची पानं, माती, माझ्या चपला. पतंगाविना चार चित्रं, म्हणजे अर्धाही सेकंद नाही, आणि चारही कॅरेटं माझ्या हातात अडकलेली. पाचवं मागितलं की चूक यायची. ती चूक मीच पकडून गुपचूप लॉगमध्ये टाकायची सोय केली होती, म्हणून ॲप कोसळत नव्हतं आणि मला काही कळतही नव्हतं. कॅमेऱ्याला भरायला रिकामं मिळेना, म्हणून तोही थांबला, आणि त्याच कॅमेऱ्यावर चालणारं पडद्यावरचं चित्रही त्याच्याबरोबर थांबलं.

दुरुस्ती दोन ओळींची. चित्र घेतलं त्याच ठिकाणी ते सोडण्याची व्यवस्था बांधायची, म्हणजे मधल्या कोणत्याही वाटेने बाहेर पडलो तरी ते परत जाईलच. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत त्यासाठी फायनली आहे, कॉटलिन या भाषेत यूझ आहे. नव्या मुलांना मी आता आधी हेच बघायला सांगतो: बफर घेणारी ओळ आणि सोडणारी ओळ एकाच नजरेत दिसतात का.

लगेच उलटी चूकही केली. मॉडेल दुसऱ्या धाग्यात (थ्रेडमध्ये, म्हणजे त्याच ॲपमध्ये शेजारी चालणाऱ्या वेगळ्या कामात) चालवायला घेतलं आणि इकडे चित्र आधीच बंद करून टाकलं. काकाजींच्या भाषेत, अर्धं उपसलेलं कॅरेट गाडीवर चढवलं. मॉडेल वाचत असलेली जागा मधेच गेली आणि ॲप कोसळू लागलं. उशिरा सोडलं तर गोठतं, लवकर सोडलं तर कोसळतं. म्हणून सोडण्याचं काम शेवटी वाचणाऱ्या धाग्याकडे दिलं, ज्याला वाचन कधी संपलं ते खरंच माहीत असतं.

अशा चुका शोधायला लॉगपेक्षा काळपट्टी जास्त कामाची. पर्फेटो नावाचं साधन फोनमध्ये काय केव्हा घडलं ते पट्ट्यांत दाखवतं. कोणता बफर कधी मागितला, कधी रांगेत लागला, कधी उचलला, कोणता फेन्स किती वेळ वाजला नाही. गोठलेल्या जागी बघायचं की शेवटचा उचललेला बफर कोणाच्या पट्टीत लांबच लांब पडून आहे.

व्यापाऱ्याने दुपारी दोनशे कॅरेटं पाठवली आणि बागेत तोड सुरू झाली. संध्याकाळी मी भावाबरोबर वावरात गेलो. पहिल्या सापळ्यात पाच पतंग होते, ॲपनेही पाच सांगितले. भाऊ म्हणाला, “आता त्या कोपऱ्यातल्या सापळ्यावर धर, तो खालीच हाये.” धुऱ्याधुऱ्याने चालत फोन तिकडे नेला. पानं गेली, माती गेली, माझ्या चपला दिसल्या, रिकामा सापळा आला. आकडा शून्य होता आणि चित्र हलत होतं.